सातव्या रकान्यातला पास्ता

आमच्या वार्डाची भांडी विहाराच्या मागच्या खोलीत असतात आणि ती बाहेर काढायची तर एका रजिस्टरमध्ये आठ रकाने भरावे लागतात. नाव, घर, भांडं, नग, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, कारण आणि सही. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. सव्वीस वर्षं रकाने भरण्यातच गेली, तेव्हा रकान्याला घाबरणारा माणूस मी नव्हे. पण या एप्रिलात त्या रजिस्टरच्या सातव्या रकान्यापाशी माझा पेन अडला, आणि तिथून पुढे जे झालं ते आता सिंदेवाहीत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून म्हटलं, एकदा खरं काय ते आपणच सांगून टाकावं.

आमची हर्षा अकोल्याला शेतीचं शिकली. तिचा विषय धान. आता धानाच्या पट्ट्यात जन्मलेल्या पोरीनं धान शिकायला अकोल्याला, कापसाच्या मुलखात, का जावं हे मला कळलं नव्हतं, पण विचारलं नाही. तर या मार्चमध्ये तिला अमेरिकेतल्या लुइझियाना नावाच्या राज्यातून पत्र आलं. या, धानावर आणखी शिका, सगळी सोय आम्ही करतो, मात्र पंधरा एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवा. मी लगेच हो म्हणालो. माधवी, म्हणजे आमची बायको, काहीच म्हणाली नाही.

नऊ दिवस म्हणाली नाही. बाकी सगळं बोलत होती. गॅस संपत आला, दही आंबलं, माझ्या बनियनला भोक पडलं, सगळं. फक्त हर्षाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायची. त्या नऊ दिवसांत ती इतकं पाणी प्यायली की मला तिच्या तब्येतीचीच काळजी वाटू लागली. आणि हर्षाचं म्हणणं, आईच्या तोंडून हो आल्याशिवाय मी उत्तर पाठवणार नाही. दोघी एकाच घाण्यातल्या, काय बोलावं.

दहाव्या दिवशी माधवी बोलली. "तिथी काय खाईन ते पोट्टी?"

मी म्हणालो, तिथली माणसं जेवतच असतील ना काहीतरी. हे उत्तर तर्काला धरून होतं, पण ते द्यायला नको होतं. माधवीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंग त्या गावचं एक जेवण या घरी रांधून दाखवा. तुमीच हो म्हणून बसले, तं तुमीच रांधा. माह्या गळ्याखाली उतरलं तं जाऊ द्या तिले. नाई उतरलं तं विषय बंद."

मला चहा येतो. तोही येतो की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत. पण पोरीचं सगळं आयुष्य त्या एका घासावर टांगलेलं. मी येत्या रविवारचा वायदा करून टाकला.

हर्षानं मोबाइलवर एक पदार्थ शोधून काढला. तिथला, झणझणीत, एकाच भांड्यात शिजणारा क्रियोल पास्ता. क्रियोल म्हणजे काय, तर म्हणे त्या बंदरावर चार देशांची माणसं येऊन राहिली, त्यांचं सगळ्यांचं रांधणं एकमेकांत मिसळलं आणि जी चव झाली ती क्रियोल. कांदा, ढोबळी मिरची, सेलरी नावाची काडी, टमाटे, लाल तिखट, झिंगे, वरून साय. तिनं मला तिथले फोटोही दाखवले. मोठी संथ नदी, पाण्यात उभी झाडं, झाडांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी दाढ्या, आणि धानाच्या बांध्यांत पाणी भरून त्यात पाळलेले झिंग्यांचे थोरले भाऊ.

तिथेच माझा घात झाला. मी मुळात तंद्री लागणारा माणूस. त्यात एप्रिलची दुपार, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि जंगलाकडून मोहफुलांचा गोड वास कचेरीच्या खिडकीतून आत येऊन फायलींवर बसलेला. अशा वासात माणूस डोळे उघडे ठेवून झोपू शकतो. मी त्या नदीवर जायचो. पांढरी बोट यायची, तिच्यावर गवताची टोपी घातलेला एक म्हातारा असायचा, आणि तो मला अदबीनं म्हणायचा, खोब्रागडे साहेब, तुमची पोरगी आमच्याकडे नीट जेवते हो. मी म्हणायचो, बरं वाटलं, पाणीपट्टी भरली का? मग कोणीतरी फाईल आपटायचं.

या तंद्रीनं पहिला तडाखा बसस्टँडवर दिला. आमच्या प्रफुलच्या किराणा दुकानात मॅकरोनी होती, पण हर्षाला नळीचाच पास्ता पाहिजे होता. प्रफुलनं चंद्रपूरच्या ओळखीच्या दुकानदाराला सांगून पुडा बसमध्ये ठेवायला लावला, आणि मला सांगितलं की चारच्या ब्रह्मपुरी गाडीतून उतरवून घ्या. मी साडेतीनलाच जाऊन उभा राहिलो. चारची गाडी आली, धुरळा उठला, उन्हात तिचं टप पाण्यासारखं हलताना दिसलं, आणि मला वाटलं, काय सुंदर बोट आहे. बोट माझ्यासमोर तीन मिनिटं थांबली आणि पास्ता घेऊन ब्रह्मपुरीला निघून गेली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीनं तो आला तेव्हा प्रफुल स्वतः उतरवून घ्यायला गेला, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं साहेबांच्या पास्त्याचा प्रवास तपशीलवार सांगितला. वरिष्ठ लिपिकाबद्दल गावात असं बोललं जाणं चांगलं नाही.

शेजारच्या अंजनाबाईंचा सल्ला मी मागितला नव्हता, तो भिंतीवरून आला. अंजनाबाई सत्तरीच्या, वार्डातलं कोणतंही कार्य त्यांच्या हाताच्या मिठाशिवाय होत नाही. उन्हाळा म्हणून त्या अंगणात सरगुंडे करत बसल्या होत्या. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, गव्हाच्या सोजीचा उंडा बारीक काडीवर वळायचा, काडी ओढून घ्यायची, पोकळ नळी उन्हात वाळवायची, हे सरगुंडे. आमच्याकडे आंब्याच्या रसाबरोबर खातात. तर वळता वळता बाई म्हणाल्या की सेलरी का फेलरी भेटत नसल तं संबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या टाका. इथपर्यंत ठीक होतं. पण मी झिंगे आणि साय एकत्र म्हणताच त्यांचा हात थांबला. मच्छी अन् दूध एका जागी? अंगावर कोड फुटते, साहेब. हे त्या माझ्याशी बोलल्या, पण ऐकलं माधवीनं.

झालं. माधवीनं जाहीर केलं की तिच्या एकाही भांड्यात झिंगे आणि दूध एकत्र शिजणार नाही. कुकर नाही, कढई नाही, पातेलं नाही. मी म्हणालो, अगं, हा एका भांड्यातला पदार्थ आहे, आणि आता माझ्याकडे एकही भांडं नाही. ती म्हणाली, ते तुमचं तुमी पाहा, आणि पाणी प्यायला गेली.

म्हणून मी शनिवारी रजिस्टरपुढे बसलो होतो. आमच्या पंचमंडळाचे सचिव रामाजीभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेत, आणि भांड्यांवर त्यांचं लक्ष सागाच्या ओंडक्यांवर असायचं तसंच असतं. मी सगळ्यात लहान गंज मागितला. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि विहाराचा सगळ्यात लहान गंजही भरला की दोन माणसांनी उचलायचा. रामाजीभाऊंनी आधी आठवण दिली की चौदा एप्रिल तोंडावर आहे, सोमवारी सकाळी गंज घासून परत पाहिजे. मी हो म्हणालो. मग त्यांनी सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. आधीच्या ओळींत नामकरण होतं, साक्षगंध होतं, गृहप्रवेश होता, पुण्यानुमोदन होतं. मी काय लिहू? बायकोची परीक्षा? एका भांड्याचा पदार्थ? पेन हातात तसाच राहिला. रामाजीभाऊंना वाटलं, साहेब संकोचतायत, काही घरगुती शुभ असेल. त्यांनी पेन घेऊन स्वतःच लिहिलं, 'कारण नंतर कळवणे'. आणि विचारलं, "उद्या सांजच्याले ना, साहेब?"

खिडकीतून मोहाचा वास येत होता. मी बोटीवर होतो. मी मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, वार्डात सहा वर्षं राहून तुम्हाला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं ना. विहाराचा गंज उंबऱ्याबाहेर निघाला की वार्ड जेवतो, हा इथला रिवाज. निमंत्रण नसतं. ज्याच्या दारी गंज, त्याच्या दारी आपापलं ताट घेऊन जायचं. मी स्वतः सहा वर्षं ताट घेऊन गेलोय. गंज जाताना दिसला की आम्ही त्या सांजेला घरी भाजीसुद्धा टाकत नाही. पण जेवायला जाणाऱ्याला जो नियम पाठ असतो तो गंज नेणाऱ्याला आठवेलच असं नाही. आणि लहान गंज मोजत नसतील, असं मला कुठेतरी वाटलं असावं.

रविवारी दुपारी मी गंज स्कूटरवर बांधून आणला. दर खड्ड्याला तो घणघणत होता. दारादारातून लोक बाहेर येत होते, हसत होते, कोणी हात जोडत होतं, कोणी विचारत होतं, किती वाजता जी? मला वाटलं, हे माझ्या पाककलेबद्दलचं कौतुक आहे. मी प्रत्येकाला सांगत गेलो, सात वाजता.

गंज आमच्या गॅसवर बसेना. म्हणून अंगणात तीन विटांची चूल मांडली. माधवी ओट्यावर हाताची घडी घालून बसली. मदत करायची नाही हे तिनं आधीच सांगितलं होतं. हर्षा मोबाइल धरून कृती वाचत होती आणि मी सराटा, म्हणजे उलथणं, घेऊन उभा होतो. कांदा परतला, ढोबळी मिरची परतली, संबाराच्या काड्या टाकल्या, सुकलू ढिवरानं सकाळीच तलावातून आणून दिलेले झिंगे टाकले. वास खरंच चांगला सुटला. मग अर्धा किलो पास्ता टाकला, आणि तो गंजाच्या बुडाशी कुठे गेला ते दिसेना. हर्षानं वाचलं, पाणी पास्त्याच्या वर बोटभर. मी प्रामाणिकपणे बोटभर घातलं. आता विहाराच्या गंजात बोटभर पाणी म्हणजे दीड बादली, हे त्या कृती लिहिणाऱ्या बाईला काय ठाऊक. पाण्याच्या हिशेबानं तिखट घातलं. घरचं भिवापुरी, आठ डाव. अंजनाबाईंच्या अंगणातून पहिली शिंक आली.

मी ढवळत राहिलो. ऊन उतरलं होतं. लाल रश्श्यावर वाफ धरली होती आणि पास्त्याच्या नळ्या मधूनच वर येऊन परत खाली जात होत्या. तलावाकडून बगळे परतत होते. मला वाटलं, ही तीच नदी आहे. पलीकडच्या काठावर हर्षा उभी आहे, पाठीवर पिशवी, आणि ती माझ्याकडे बघत नाहीये, पुढे बघतेय. मला एकदम भरून आलं. मी मोठ्या तोंडानं हो म्हणून बसलो होतो खरा, पण पोरगी जाणार म्हणजे घरातून जाणार, हे मला तोवर कळलंच नव्हतं. माधवीला पहिल्या दिवशी कळलं होतं.

डोळे पुसून वर पाहिलं तर फाटकात रामाजीभाऊ. हातात ताट. त्यांच्यामागे त्यांच्या घरचे सहा जण, सगळ्यांच्या हातात ताटं. त्यांच्यामागे प्रफुल, सहकुटुंब. त्यांच्यामागे गल्ली.

"सात वाजले, साहेब," रामाजीभाऊ म्हणाले. "पंगत कुठी बसवाची?"

मी हातातल्या सराट्याकडे पाहिलं. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण अर्धा किलोचा आकडा तोंडातून बाहेर पडेना. चाळीस-पंचेचाळीस माणसं अंगणात शिरली, चपला काढल्या, रांगेत बसली, ताटं पुढे ठेवली आणि माझ्याकडे पाहू लागली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे इतक्या विश्वासानं कोणी पाहिलं नव्हतं. पळून जावं तर फाटकात आणखी माणसं येत होती.

माधवी ओट्यावरून उठली. तिनं बसलेली डोकी मोजली, गंजात वाकून पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं, गेली पाणी प्यायला. पण ती आली ती डोक्याएवढा डबा घेऊन. मागच्या उन्हाळ्यात केलेले सरगुंडे. त्या डब्याला ती आम्हाला हात लावू देत नव्हती, हर्षाच्या लग्नाला ठेवलेत म्हणायची. तिनं झाकण काढलं आणि अख्खा डबा गंजात उपडा केला. भिंतीवरून अंजनाबाईंनी त्यांच्या बाजेवरचे वाळते सरगुंडे सुपानं ओतले. मी साईची वाटी उचलली, तर माधवीनं ती हातातून काढून घेतली आणि तिच्या जागी घरातली भाताची पेज आणून ओतली. दीड बादली रश्श्याला घट्टपणा आला. मीठ अंजनाबाईंनी पाहिलं. एकूण सगळं दहा मिनिटांत झालं. मी बाजूला उभा राहून चूल फुंकण्याचं महत्त्वाचं काम केलं.

पंगत जेवली. नाकं वाहिली, डोळे वाहिले, प्रफुलला ठसका लागून त्याच्या पाठीत चार जणांनी मारलं, पण ताट कोणी मागे सारलं नाही. रामाजीभाऊंनी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर विचारलं की हे जेवण कुठलं. हर्षानं सांगितलं. नदी सांगितली, तिथला धान सांगितला, बांध्यांतले झिंगे सांगितले. अंजनाबाईंनी एक सरगुंडा आणि एक पास्ता असे दोन्ही बोटांवर घेऊन जवळून पाहिले.

"म्हंजे तिथी बी सरगुंडेच खातेत," त्या म्हणाल्या. "आपल्यावानीच लोक हायेत मंग."

मी माधवीकडे पाहिलं. ती वाढत होती. कोणीतरी हर्षाला विचारलं, मग कधी निघायचं. सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं की हे जेवण त्याचंच. हर्षा आईकडे पाहत राहिली. माधवीनं ओगराळं पुढच्या ताटात रिकामं केलं आणि म्हणाली, जेवा, गार होऊन राह्यलं.

पंगत उठली, माणसं आशीर्वाद देऊन गेली, आणि माझ्या लक्षात आलं की गंज रिकामा आहे. ज्या एका घासासाठी हे सगळं रामायण झालं तो घासच उरला नव्हता. परीक्षा द्यायला पेपर होता, पण परीक्षकाला तपासायला मिळाला नाही. हर्षा ओट्यावर बसली. मला तिच्याकडे बघवेना.

माधवीनं गंज आडवा केला, सराटा घेतला आणि बुडाशी लागलेली खरवड खरडायला बसली. चांगली मूठभर निघाली, काळी-लाल. ती तिनं तिथेच, गंजाला टेकून, हातावर घेऊन खाल्ली. आम्ही दोघं बघत होतो. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. भिवापुरीचं असणार, कारण तिनं पदर लावला नाही. मी हळूच विचारलं, उतरलं का गळ्याखाली?

"खरवडीवरून काय समजते," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा गंज राखेनं घासून लख्ख झाला होता. मी तो स्कूटरला बांधू लागलो तर माधवी साडी बदलून बाहेर आली. म्हणाली, मी बी येतो. सहा वर्षांत ती त्या भांड्यांच्या खोलीकडे कधी आली नव्हती.  का म्हणून विचारायची माझी पत राहिली नव्हती.

रामाजीभाऊंनी गंज वाजवून पाहिला, आतून हात फिरवला, रजिस्टर उघडलं. सहाव्या रकान्यात तारीख घातली आणि सातव्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. 'कारण नंतर कळवणे' तसंच होतं. मी पेन काढला आणि पुन्हा अडलो. माधवीनं माझ्या हातातून पेन घेतला, रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि लिहू लागली.

रामाजीभाऊंना हे नियमाला धरून वाटलं नाही. ते म्हणाले, बाई, कारण नेणाऱ्याच्या अक्षरात पाहिजे.

"नेणाऱ्याले कारण ठाऊक नोतं, भाऊ," ती म्हणाली, आणि आठव्या रकान्यात सहीही करून टाकली.

मी तिच्या खांद्यावरून वाचलं. बारीक, सरळ अक्षर, सातवीत गिरवलेल्या वळणाचं. 'मुलगी शिकाले अमेरिकेला चालली. आईकडून जेवण.'

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. तलावाच्या पाळीवर आल्यावर म्हणाली की डबा रिकामा झाला, पोरीच्या सोबत द्यायला नवे सरगुंडे करावे लागतील, उन्हं आहेत तोवर उरकलेलं बरं, आणि तुम्ही आता चार दिवस चुलीजवळ येऊ नका, बांबूच्या काड्या तासून द्या. मी हो म्हणालो. हर्षानं त्याच दुपारी उत्तर पाठवलं. मी ओट्यावर बसून काड्या तासतोय, एकवीस झाल्यात, त्यातल्या नऊ माधवीनं नापास केल्या.